धडधड वेगळी, धोका वेगळा

12 जून 2021 रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्क-फिनलंड सामना ऐन रंगात असताना ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला. वय 29, खेळायचा इटलीच्या इंटर मिलानकडून. ‘इतक्या धडधाकट माणसाला हार्ट अटॅक कसा आला?’ हा प्रश्न त्या रात्री घरोघरी विचारला गेला, आणि गैरसमजाची सुरुवात इथूनच होते. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनी बंद होऊन हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. एरिक्सनला आला तो कार्डियाक अरेस्ट, म्हणजे हृदयाचे काम एकाएकी बंद पडणे. अटॅकमुळे अरेस्ट येऊ शकतो, पण अटॅकशिवायही येतो. त्यामागे बहुतेकदा हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांतला, म्हणजे जवनिकांमधला विद्युत गोंधळ असतो. जवनिका आकुंचन पावण्याऐवजी नुसत्या थरथरतात आणि रक्त पुढे जात नाही. डॉक्टर याला व्हीएफ म्हणतात. मैदानावरच दिलेल्या एका शॉकने एरिक्सन परत आला.

दुसरा गैरसमज याच्या अगदी उलटा, आणि तो दवाखान्यात रोज भेटतो: ‘ठोका चुकतो, म्हणजे काहीतरी भयंकर आहे.’ चुकल्यासारखा वाटणारा ठोका खरे तर वेळेआधी पडलेला जादा ठोका असतो. त्यानंतर हृदय क्षणभर थांबते आणि पुढचा ठोका जोरात पडतो. जाणवतो तो हाच. जवनिकांतून उठणारे असे ठोके निरोगी माणसांतही सर्रास आढळतात. कमी झोप, ताण, दारू, कधी चहा-कॉफी एवढेही पुरते. इकोमध्ये हृदय चांगले दिसले आणि ठोके मोजकेच असले तर बहुधा औषधही लागत नाही.

मग सरळ गोळी देऊन ते बंदच का करू नयेत? डॉक्टरांनाही एकेकाळी हेच वाटायचे. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ज्या रुग्णांना असे ठोके जास्त पडतात ते दगावण्याचा धोका अधिक असतो. तेव्हा ठोके दाबले की जीव वाचेल, असा हिशेब होता. अमेरिकेतल्या ‘कास्ट’ नावाच्या चाचणीने तो मोडीत काढला. एनकेनाइड किंवा फ्लेकेनाइड घेणाऱ्या 755 रुग्णांपैकी 63 दगावले, तर नकली गोळी घेणाऱ्या 743 पैकी 26. औषधांनी ठोके खरोखरच दाबले होते, मृत्यू मात्र वाढवले. 1991 मध्ये हे आकडे सविस्तर प्रसिद्ध झाले आणि हृदयरोगशास्त्राची एक सवय बदलली. आता आधी पाहतात ते हृदयाचा स्नायू कसा आहे. होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी नोंदवणारे यंत्र, लावून ठोके मोजतात तेही त्यासाठीच: दिवसभरातल्या एकूण ठोक्यांत जादा ठोक्यांचा वाटा 10 टक्क्यांच्या वर राहिला, तर काही रुग्णांत स्नायूच दुबळा होऊ लागतो. अशांना कॅथेटरने तो बिंदू जाळण्याचा, म्हणजे अब्लेशनचा, चांगला उपयोग होतो.

‘रुग्ण शुद्धीत आहे, बोलतो आहे, म्हणजे व्हीटी नाही’ हा समज तर काही डॉक्टरांनाही चकवतो. जवनिकांतूनच एकामागून एक वेगाने ठोके सुटतात ती व्हीटी. ती चालू असताना रक्तदाब बरा असलेला माणूस खाटेवर बसून गप्पा मारू शकतो. ईसीजीत रुंद ठोक्यांची वेगवान लय दिसली, तर वेगळे सिद्ध होईपर्यंत ती व्हीटीच समजायची असा नियम आहे. वरच्या कप्प्यांचा आजार समजून व्हेरापामिल टोचले, तर तोच गप्पा मारणारा रुग्ण कोसळू शकतो.

मनगटावरच्या घड्याळाने ‘सगळे ठीक’ म्हटले तरी हुरळून जाऊ नये. त्यातली लय ओळखण्याची सोय प्रामुख्याने वरच्या कप्प्यांच्या एट्रियल फिब्रिलेशनसाठी आहे. धडधडीच्या दोन झटक्यांच्या मधल्या काळात काढलेला ईसीजीही सरळ येऊ शकतो. जुन्या अटॅकचा व्रण, स्नायूचे आनुवंशिक आजार, सारकॉइडोसिस शोधायचे तर इको आणि कार्डियाक एमआरआय लागते. शिवाय रक्तातले पोटॅशियम-मॅग्नेशियम. ही तपासणी किरकोळ खर्चाची, पण हमखास विसरली जाते.

अशा घातक लयींसाठी शरीरात बसवायचे शॉक देणारे यंत्र म्हणजे आयसीडी. ते प्रथम 1980 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये माणसाला बसवले गेले. ते आजार बरा करत नाही. घातक लय ओळखून ती मोडते. त्यामुळे यंत्र बसले म्हणून गोळ्या सुटत नाहीत. आयुष्य संपले असेही नाही. आयसीडी लावून खेळायला इटलीत परवानगी नसल्याने एरिक्सनने इंटर सोडले, इंग्लंडमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला आणि 2024 च्या युरो स्पर्धेत स्लोव्हेनियाविरुद्ध गोल करून गेला.

सिनेमात सपाट रेषेवर शॉक देतात. प्रत्यक्षात सपाट रेषेवर शॉक चालत नाही. तो थरथरत्या हृदयासाठी असतो. शॉक द्यायचा की नाही हे एईडी यंत्र स्वतःच ठरवते, म्हणून सामान्य माणसानेही ते वापरायला घाबरू नये. छाती दाबणे आणि शॉक दोन्ही लांबले, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर कांदा हुंगवत बसू नका. 108 ला फोन लावा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहा. धडधडीसोबत शुद्ध हरपली असेल, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाकडे जाणे पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.