४१ म्हणजे काहीच नाही

पिक्चर बघताना मशीन बंद पडत नाही, कॉलेजचं प्रोजेक्ट करताना पडत नाही. गेम ऐन रंगात आला की मात्र स्क्रीन काळा होतो, पंखे क्षणभर थांबतात आणि मशीन आपलं आपण पुन्हा सुरू होतं. आमच्या सोसायटीतल्या मुलाची ही तक्रार ऐकून मला कुतूहल वाटलं. ज्या कामासाठी एवढे पैसे घातले, नेमकं तेच करताना ते मान टाकत होतं. घराजवळच्या दुकानदाराने त्याला ग्राफिक कार्ड बदलायला सांगितलं होतं. कार्ड आरटीएक्स ३०८०, म्हणजे त्या कॅबिनेटमधली सगळ्यात महाग वस्तू. तपासायच्या आधीच सगळ्यात महाग वस्तूवर बोट ठेवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. म्हणून त्याच्याबरोबर मीही लॅमिंग्टन रोडला गेले.

पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव विचारणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. दुकान पोटमाळ्यावर. दुरुस्ती करणारे गृहस्थ पन्नाशीचे, बोलायला तुटक. स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता त्यांनी आधी विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लाल खुणांची रांग लागली होती: कर्नल-पॉवर, ४१.

“दादा, म्हणजे पॉवरचाच प्रॉब्लेम ना?”

“४१ म्हणजे काहीच नाही. मशीन नीट शटडाउन न होता गेलं, एवढंच ते सांगतंय. का गेलं, ते त्यालाही माहीत नाही.”

मग त्यांनी आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकली. विंडोज स्वतः कोसळत असेल, तर आता निळा स्क्रीन समोर थांबेल. गेम लावला. निळं काही आलं नाही, थेट काळोख. पुन्हा ४१, आणि नोंदीत बगचेक कोड शून्य. विंडोजला शेवटचा शब्द बोलायलाही सवड मिळाली नव्हती.

कॅबिनेट उघडल्यावर तापलेल्या धुळीचा वास आला. ब्लोअर मारला, रॅमचे पाय खोडरबरने घासले, एक्सएमपी बंद केलं, मशीन ठेवून घेऊन रात्रभर मेमटेस्ट चालवला. तापमान जागच्या जागी. फरक शून्य.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. फरमार्क लावून त्यांनी कार्डावर पूर्ण लोड टाकला. अर्धा तास झाला तरी मशीन ढिम्म. गेममध्ये मात्र दहा मिनिटांत गेलं. “फरमार्क म्हणजे घाटातला सरळ चढ, मॅडम. गेम म्हणजे दादरचं ट्रॅफिक, दर सेकंदाला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर.” मग त्यांनी गेमचा आवाज पूर्ण बंद केला आणि कान कॅबिनेटला लावला. मीही वाकले. कार्डातून बारीक शिट्टी येत होती. मेन्यूत एका सुरात, लढाई सुरू झाली की चढणारी, उतरणारी. एकदा ती एकदम चढली आणि सगळं विझलं. मल्टिमीटर १२ व्होल्टच्या तारेवरच होता, पण त्याच्या आकड्याला हलायलाही वेळ मिळाला नाही.

कार्डाची नेमून दिलेली खादाडी ३२० वॅट, पण काही मिलीसेकंदांपुरती ती याच्या बरीच वर उसळते. एनव्हिडिया या कार्डासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, सुचवते. मुलाकडे होता ६५० चा, आणि कार्डाच्या दोन्ही सॉकेटना एकाच केबलची दोन तोंडं लावलेली. एसएमपीएसमधून एक करडी तार मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ असं सतत कळवत असते. झटक्याने व्होल्टेज घसरलं की तो निरोप तुटतो आणि मदरबोर्ड सगळं नव्याने सुरू करतो. असे झटके सोसण्याची अट एटीएक्स ३.० या नियमावलीत आली २०२२ मध्ये. कार्ड बाजारात आलं होतं २०२० मध्ये.

एवढं कळल्यावरही त्यांनी लगेच नवा माल काढला नाही. आधी आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली. गेम तासभर चालला. ती पुन्हा १०० वर नेऊन दोन स्वतंत्र केबल लावल्या. मशीन उशिरा गेलं, पण गेलं. मग दुकानातला ८५० चा एसएमपीएस जोडला, आणि त्यानंतर ते गेलंच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा हट्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर काम लवकर उरकलं असतं आणि कारण कधीच कळलं नसतं. मुलाने तेवढ्यात वडिलांना फोन लावला, “हो हो, ४१ चा एररच होता.” गृहस्थांनी मान वर केली, पण बोलले काही नाहीत.

जुना एसएमपीएस त्यांनी त्याच्या हातात ठेवला. “फेकू नकोस. हा खराब नाही, टायपिंगच्या मशीनला आरामात चालेल.”

बिलात एसएमपीएसची किंमत होती आणि खाली ‘चेकिंग ३००’. कार्ड बदलण्यात गेले असते त्याच्यापुढे हे ३०० म्हणजे किस झाड की पत्ती. मुलाने एसएमपीएसच्या किमतीवर चकार शब्द काढला नाही. चेकिंगचे मात्र घासाघीस करून २०० केले.