तान्ह्या पोळ्याचा बैल फळीवर ठेवू नका



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या भंडारा जिल्ह्यात तान्हा पोळा भरतो. लेकरे चाकाचा लाकडी नंदीबैल ओढत घरोघरी जातात, बोजारा मागतात. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे सांगतात. त्या दिवशी लेकरू नुसते खेळत नाही, ते कास्तकार होते.

पण बक्षिसाच्या नादात बैल मोठा होत चालला. सजावट मोठ्यांनी करायची, पोराने फक्त दोरी धरायची, अन् दुसऱ्या दिवशी बैल फळीवर. मग लेकराचा खेळ राहिला कुठे?

खेळायला पैसा लागत नाही. बोडीकाठची चिकण माती, धानाचे तणस, करवंट्या, जुने लुगडे एवढे पुरे. मातीच्या गोळ्याचा सकाळी बैल होतो, दुपारी भाकर, संध्याकाळी धानाचे पोते. बॅटरीची गाडी मात्र गाडीच राहते. "तू मालक, मी गुराखी" म्हणता म्हणता लेकरू बोलायला, पाळी येईपर्यंत थांबायला, भांडण मिटवायला शिकते.

हे नवीन नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांना शिकवले, ते परिसरातल्याच वस्तू हाती देऊन. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिकण्यावर भर आहे.

तेव्हा एवढे करा. रोज तासभर लेकराला त्याच्या मनाने खेळू द्या. "हा कसला बैल?" म्हणून हसू नका, "याला चारा काय देशील?" असे विचारा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोके, खडे देऊ नका. बोडी-विहिरीजवळ एकटे सोडू नका.

आणि एक गोष्ट गाठीला बांधा: फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा म्हणजे खेळणे नव्हे. कितीही धुतला तरी तो लेकराच्या हाती जाऊ नये. डबा तीनदा धुऊन ते पाणी फवारणीच्या पंपातच टाका. डब्याला भोके पाडा, म्हणजे तो पुन्हा कोणी वापरणार नाही. माती आणायची तीही फवारलेल्या बांधीतली नको.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. त्यातून अंगणवाडीपुढे सावली, रेतीचा ढीग आणि हात धुवायला पाणी होऊ शकते. येत्या तान्ह्या पोळ्याला एक बक्षीस लेकराने स्वतः घडवलेल्या मातीच्या बैलाला ठेवा. शिंग वाकडे असले तरी चालेल.