रेघ ओढावी, पण विचाराने

“पुस्तकावर रेघोट्या ओढू नकोस!” अशी ताकीद आपल्यापैकी बहुतेकांनी बालपणी ऐकली असेल. थोरल्याचे पुस्तक पुढे धाकट्याच्या हाती जावयाचे असते, म्हणून ती योग्यच होती. तथापि विचारपूर्वक ओढलेली रेघ हे विद्येचे एक साधनही आहे. याचा उत्तम दाखला ग्वाल्हेर नगरीत सापडतो.

ग्वाल्हेरची गायकी पिढ्यान्‌पिढ्या गुरुमुखातूनच शिष्याकडे जात असे. १९१८ साली तेथे माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्यामागे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे मार्गदर्शन होते. भातखंडे हे मुंबईचे वकील. परंतु देशभर हिंडून त्यांनी जुन्या चिजा गोळा केल्या आणि त्या लिहून ठेवण्यासाठी एक सोपी स्वरलिपी रूढ केली. तिच्यात अक्षराखाली आडवी रेघ असली की स्वर कोमल. मध्यमावर उभी रेघ असली की तो तीव्र. वर टिंब दिले तर तार सप्तक, खाली दिले तर मंद्र. समेला फुली आणि खालीला शून्य.

या खुणा मोजक्याच आहेत, आणि प्रत्येकीला एकच निश्चित अर्थ आहे. सर्वच स्वरांखाली रेघा ओढल्या असत्या, तर एकाही रेघेला अर्थ उरला नसता. शिवाय खूण पाहून विद्यार्थ्याने तो स्वर गळ्यातून काढावा लागतो. नुसत्या पाहण्याने गाणे येत नाही.

आपली मुले नेमकी येथेच चुकतात. परीक्षा जवळ आली की रंगीत पेन घेऊन सबंध पान पिवळे करतात आणि अभ्यास झाला असे समजतात. २०१३ साली अमेरिकेतील जॉन डनलॉस्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या १० पद्धती तपासून पाहिल्या. नुसते अधोरेखन आणि तेच ते पुन्हा वाचणे यांचा लाभ त्यांना अल्प आढळला. उलट स्वतःचीच परीक्षा घेणे आणि थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने उजळणी करणे या दोन पद्धती सर्वांत गुणकारी ठरल्या.

मग रेघ कशी ओढावी? प्रथम धडा पेन्सिल हाती न घेता वाचावा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदातील मुख्य तेवढ्या चार-सहा शब्दांखाली रेघ ओढावी. न समजलेल्या जागी प्रश्नचिन्ह करावे. कठीण शब्दाभोवती वर्तुळ काढावे. समासात, परिच्छेदाचे उत्तर होईल असा एखादा प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहावा. नंतर मजकूर झाकून, केवळ तो प्रश्न पाहून उत्तर मोठ्याने सांगावे. असे दुसऱ्या दिवशी, आणि आठवड्याने पुन्हा करावे. पुस्तक वाचनालयाचे असेल तर त्यास पेन्सिलही लावू नये. खुणा व प्रश्न वहीत उतरावे.

या कामी आईबापांनी फार शिकलेले असणे मुळीच आवश्यक नाही. सायंकाळी पुस्तक आपल्या हाती घ्यावे, रेघेवर बोट ठेवावे आणि म्हणावे, “येथे काय आहे, सांग पाहू!” मूल अडखळते की सरळ सांगते, हे निरक्षर मातेच्याही ध्यानात येते. अडखळले, तर ओरडू नये. तो धडा उद्या पुन्हा वाचावयाचा, इतकेच त्यातून समजावे.