नाताळचा आनंद खरेदीत की देण्यात?

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ साजरा होतो आणि दुसऱ्याच दिवसापासून नाताळच्या खरेदीला उधाण येते. किरकोळ व्यापाऱ्यांच्या दृष्टीने हे चार आठवडे वर्षातील सर्वांत मोलाचे. इतके मोलाचे, की १९३९ साली अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी खरेदीचा हंगाम लांबावा म्हणून हा सणच एक आठवडा अलीकडे आणला. काही राज्यांनी ते मानले, काहींनी जुनाच दिवस पाळला. अखेर १९४१ मध्ये अमेरिकी संसदेला कायदा करून चौथा गुरुवार मुक्रर करावा लागला. बाजाराच्या सोयीसाठी सणाने सरकावे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

एवढ्या खरेदीतून माणसे सुखी होतात का, हा प्रश्न टिम कॅसर आणि केनन शेल्डन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११७ जणांना विचारला. ज्यांच्या नाताळात कुटुंबाचा सहवास आणि धार्मिक आचरण यांना प्रमुख स्थान होते, ते अधिक समाधानी आढळले. खर्च करणे आणि भेटी मिळणे यांना ज्यांच्याकडे महत्त्व आले, त्यांचे समाधान कमी होते. अर्थात, खर्चामुळेच समाधान घटले असे यावरून सिद्ध होत नाही. मुळातच अस्वस्थ असलेला माणूस बाजाराकडे अधिक वळत असेल, हेही शक्य आहे.

भेटवस्तूंचा हिशेब अर्थशास्त्रज्ञांनीही मांडला आहे. जोएल वॉल्डफोगेल यांनी येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना, मिळालेल्या भेटीची किंमत किती असावी आणि त्यांच्या लेखी तिचे मोल किती, असे दोन प्रश्न विचारले. भावनिक मूल्य वगळायचे, ही अट होती. १९९३ साली त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की भेटीच्या किमतीचा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वायाच जातो. मित्रांनी दिलेल्या वस्तू बऱ्यापैकी मनाजोग्या असतात. दूरच्या नातलगांचा अंदाज मात्र हुकतो. दिवाळीत या घरातून त्या घरी फिरत राहणारे मिठाईचे पुडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तरीही भेटीतून भावना वजा केली तर उरते काय, हा आक्षेप वॉल्डफोगेल यांच्या हिशेबावर घेतला गेला आणि तो रास्तच आहे.

कारण देण्यातला आनंद खरा असतो, असे दाखवणारे प्रयोगही झाले आहेत. कॅनडातील व्हँकुव्हर येथे एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी काही जणांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर असलेली पाकिटे दिली. निम्म्यांनी संध्याकाळी पाचपर्यंत ही रक्कम स्वतःवर खर्च करायची होती, निम्म्यांनी दुसऱ्यावर. संध्याकाळी विचारणा केली तेव्हा दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले. रक्कम पाच की वीस, याने फरक पडला नाही. गंमत म्हणजे इतर लोकांना आधी अंदाज विचारला असता, बहुतेकांनी वीस डॉलर आणि स्वतःवरचा खर्च यांनाच कौल दिला होता! हा प्रयोग २००८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. २०२० साली बऱ्याच मोठ्या संख्येवर केलेल्या फेरतपासणीतही निष्कर्षाला आधार मिळाला. परिणाम मात्र माफकच दिसला.

मग नाताळात इतके देऊनही थकवाच का येतो? याच गटाच्या २०१३ सालच्या एका अभ्यासात त्याचा धागा मिळतो. मलेरियापासून बचावासाठी मच्छरदाण्या पुरवणाऱ्या संस्थेला देणगी देणाऱ्यांचा आनंद रकमेबरोबर वाढला, कारण दहा डॉलरला एक मच्छरदाणी हे त्यांना स्पष्ट दिसत होते. ‘युनिसेफ’च्या व्यापक निधीला देणाऱ्यांबाबत तसे घडले नाही. आपल्या पैशाने कोणाचे काय भले झाले, हे देणाऱ्याला दिसावे लागते. यादीतील नावांवर खुणा करत, शेवटच्या आठवड्यात घाईने उरकलेल्या खरेदीत ते दिसत नाही.

ही दोन्ही रूपे एकाच उंबरठ्यावर भेटतात. ‘साल्वेशन आर्मी’च्या एका अधिकाऱ्याने १८९१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे गरिबांच्या नाताळच्या जेवणासाठी तिकाटण्यावर किटली टांगून पैसे जमवले. आज लाल रंगाच्या त्या किटल्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील मोठ्या दुकानांच्या दाराशी दिसतात. शेजारी घंटा वाजत असते. खिशात सुटे पैसे बाळगणारे कमी झाल्यामुळे २०१९ पासून मोबाईलवरूनही तेथे देणगी देता येते.