पहिला पगार शाखेचा, पुढचे कोणाचे?

२०२४ च्या जूनमध्ये राज्यात पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा १७,४७१ जागांसाठी १७,७६,२५६ अर्ज आले होते. एका जागेमागे शंभरावर उमेदवार. पात्रता बारावी पास. पण अर्जदारांतले सुमारे ४० टक्के उच्चशिक्षित होते, त्यांत इंजिनिअर आणि एमबीएही. दहावीच्या निकालानंतर लोणारसारख्या गावाच्या घराघरांत ‘सायन्स की आर्ट्स’ यावर खल होतो. भरतीच्या मैदानावर मात्र सगळ्या शाखा एकाच रांगेत उभ्या असतात.

म्हणजे शाखेने फरक पडत नाही? पडतो, पण तो मोजताना फसगत होते. यूपीएससीच्या २०२० च्या नागरी सेवा परीक्षेत निवडलेल्या ८३३ जणांपैकी ५४१, म्हणजे ६५ टक्के, इंजिनिअर होते. यावरून ‘इंजिनिअरिंग केलं की कलेक्टर होता येतं’ असं म्हणणारे काका प्रत्येक गावात भेटतात. पण बारावीला पुढे असलेली मुलं आधीच तिकडे गेलेली असतात. यश शाखेचं की त्या मुलांचं, हे त्या ६५ टक्क्यांतून कळत नाही.

ते वेगळं काढायचं तर सारख्या कुवतीची मुलं हवीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत ती सापडली. तिथे अर्थशास्त्र मुख्य विषय मिळण्यासाठी सुरुवातीच्या दोन अभ्यासक्रमांत सरासरी २.८ गुणांक लागे. ब्लीमर आणि मेहता या संशोधकांनी या रेषेच्या जरा अलीकडच्या आणि पलीकडच्या विद्यार्थ्यांची तुलना केली. रेषा ओलांडल्यामुळे ज्यांना अर्थशास्त्र मिळालं, त्यांची सुरुवातीच्या वर्षांतली कमाई वर्षाला २२,००० डॉलरनी, म्हणजे ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. त्यातला निम्मा फरक ते कोणत्या उद्योगात शिरले यामुळे होता.

पुढे काय होतं? हार्वर्डचे डेव्हिड डेमिंग यांनी २०१९ मध्ये मांडलेले अमेरिकी पुरुष पदवीधरांचे आकडे पाहा. २३ ते २५ व्या वर्षी संगणक-इंजिनिअरिंगवाले सरासरी ६१,७४४ डॉलर मिळवतात, इतिहास-सामाजिक शास्त्रांवाले ४५,०३२. चाळिशीत पहिले १,२४,४५८ वर, दुसरे १,३१,१५४ वर. तंत्रज्ञानातली कौशल्यं लवकर जुनी होतात; दुसरे व्यवस्थापन आणि वकिलीसारख्या वरच्या पगाराच्या कामांत पोचतात. अर्थात सामाजिक शास्त्रांत अर्थशास्त्रही धरलेलं आहे, हे विसरू नये.

हा दिलासा लोणारला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. चाळिशीत बरोबरी गाठायची तर मधली पंधरा वर्षं तग धरावा लागतो. भारतात २०२२-२३ मध्ये एकूण बेरोजगारी ३.२ टक्के होती, पदवीधरांची १३.४. गरीब घराला बेकार राहणं परवडत नाही, म्हणून शिक्षण कमी तिथे हा आकडाही कमी दिसतो. शिवाय २०२१-२२ मध्ये देशात पदवीच्या ३४.२ टक्के विद्यार्थी कला शाखेत होते, इंजिनिअरिंगला ११.८ टक्के. यात आवडीइतकाच वाटा जवळ कोणतं कॉलेज आहे आणि खर्च किती येतो, याचाही असावा.

आता शाखा बदलण्याबद्दल. लोणारच्या विवराचं नाव निघालं की अ‍ॅरिझोनाच्या विवराचं निघतंच. ते ज्वालामुखीच्या वाफेने झालं असं भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट म्हणत. उल्केने झालं हे ठासून सांगणारे बॅरिंजर मुळात वकिलीची पदवी घेतलेले. शाखा बदलून नाव कमावल्याचं हे उदाहरण झकास आहे, पण भूशास्त्र ते नंतर शिकले आणि चांदीच्या खाणीतून त्यांना भरपूर पैसाही मिळालेला होता.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर २०२४-२५ पासून राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क पूर्ण माफ केलं. आधी ते निम्मं होतं. पण शिकायला गेल्यावरची शेगाव किंवा पुण्यातली खोली, मेस आणि नोकरी लागेपर्यंतचा काळ यांचा हिशेब अजून घरालाच करावा लागतो.