गरोदरपणातील डोकेदुखी : अंगावर काढू नका

“दिवस गेलेत, डोकं दुखणारच, उलट्या होणारच,” असे आपल्या घरांत सहज म्हटले जाते. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण क्वचित या त्रासामागे मेंदूतील गाठ असते. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. मात्र गरोदरपणात संप्रेरके बदलतात, शरीरात पाणी वाढते. त्यामुळे आधी गप्प असलेली गाठही या काळात वाढू किंवा सुजू शकते.

ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे :

• सकाळी किंवा खोकताना वाढणारी, दिवसेंदिवस तीव्र होणारी डोकेदुखी
• चौथ्या महिन्यानंतर नव्याने सुरू झालेल्या उलट्या
• अंधुक किंवा दोन-दोन दिसणे
• एका बाजूच्या हातापायातील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे
• फिट येणे

फिट आली की कांदा-चप्पल हुंगवणे, अंगारा लावणे आपण कधीच सोडायला हवे होते. बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि १०८ला फोन करा. पाचव्या महिन्यानंतर फिट येण्याचे मोठे कारण वाढलेला रक्तदाब असते, म्हणून डॉक्टर आधी तो आणि लघवी तपासतात. मग गरजेप्रमाणे मेंदूची तपासणी होते. रंगद्रव्याचे इंजेक्शन न देता केलेला एमआरआय गरोदरपणात सुरक्षित मानला जातो. तातडीच्या वेळी डोक्याचा सीटी स्कॅनही टाळू नये. त्यातून बाळापर्यंत किरण अत्यल्प पोहोचतात.

गाठ सापडली म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. आईची प्रकृती स्थिर असेल तर लक्ष ठेवून बाळंतपणापर्यंत थांबता येते. सूज आणि फिट यांवर औषधे आहेत. पण फिटची चालू गोळी मनाने बंद करू नये. थांबणे धोक्याचे असेल तर गरोदरपणातही शस्त्रक्रिया करतात, शक्यतो मधल्या तीन महिन्यांत. सिझेरियन प्रत्येकीला लागतेच असे नाही. मेंदूवरचा दाब वाढलेला असेल तर कळा देणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून तेव्हा ते करतात.

“आधी बाळ, मग बाई” हा विचार आपल्याला मान्य नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना, मातेला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, अशी भूमिका बाबासाहेबांनी मांडली होती. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भपात करावा लागला तर कायद्यात आठवड्यांची मर्यादा नाही आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही.

खर्चाच्या भीतीने घरी थांबू नका. रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन जा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. विहारातील महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत ही लक्षणे मोठ्याने वाचून दाखवा.

जयभीम!