अदत्ताचे दत्त करणारा दुकानदार

दुकानातून वस्तू चोरणारे मूल रंगेहाथ सापडले, तर दुकानदाराने काय करावे? व्यापारी कुटुंबांतून या प्रश्नाचे उत्तर बहुधा दरडावणी किंवा पालकांकडे तक्रार असेच असते. ‘मिस्यू इब्राहिम’ (२००३) या फ्रेंच चित्रपटातील वृद्ध किराणा व्यापारी मात्र वेगळेच उत्तर देतो. एरिक-इमॅन्युएल श्मिट यांच्या छोटेखानी पुस्तकावरून फ्रान्स्वा द्युपेरों यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला आहे.

कथा १९६०च्या दशकातील पॅरिसची. मोमो या ज्यू मुलाची आई तो लहान असतानाच घर सोडून गेलेली. वडील उदास आणि त्याला सतत कमी लेखणारे. बाजारहाट, स्वयंपाक मोमोच करतो आणि गल्लीतल्या इब्राहिमच्या दुकानातून डबे लांबवतो. दुकानदार ‘अरबच तर आहे’, अशी त्याने मनाची समजूत घातलेली असते. वस्तुतः इब्राहिम तुर्कस्तानातून आलेला. परंतु रात्री उशिरापर्यंत आणि रविवारीही दुकान उघडे ठेवणाऱ्याला तेथील लोक ‘अरब’च म्हणत.

इब्राहिमला चोरी प्रथमपासून ठाऊक असते. चोरायचेच असेल तर माझ्याच दुकानातून चोर, असे तो मुलाला शांतपणे सांगतो.

जैन परंपरेत चोरीला ‘अदत्तादान’ म्हणतात, म्हणजेच न दिलेले घेणे. अचौर्य अणुव्रताच्या दृष्टीने मोमो दोषीच आहे. भाव चोरीचा असल्यामुळे त्याचे कर्म सुटत नाही. इब्राहिमही निर्दोष नाही. दुकानात आलेल्या प्रसिद्ध अभिनेत्रीला तो पाण्याची बाटली भरमसाट किमतीला विकतो आणि चोरीची तूट भरून काढतो! हा प्रसंग हसवतो, तरी सचोटीच्या व्यापाऱ्याला तो खटकावा. मात्र मुलाच्या बाबतीत इब्राहिमने अदत्ताचे दत्त केले, हे मान्य करावे लागते. ज्या क्षणी मोमोला हे उमगते, त्या क्षणी चोरीतील गंमत संपते आणि नाते सुरू होते. शिक्षेने हात थांबला असता. येथे मन थांबले.

पुढे वडील नोकरी गमावतात, मुलाला सोडून जातात आणि आत्महत्या करतात. इब्राहिम मोमोला दत्तक घेतो. लाल मोटारीतून दोघे तुर्कस्तानला निघतात. वाटेत निरनिराळ्या धर्मांची प्रार्थनास्थळे मोमो डोळे झाकून केवळ गंधावरून ओळखतो. अनेकान्ताचे संस्कार लाभलेल्या वाचकांना हे दृश्य विशेष भावेल. प्रवासाच्या अखेरीस इब्राहिमचा अपघाती मृत्यू होतो आणि दुकान मोमोच्या हाती येते.

या भूमिकेसाठी ओमर शरीफ यांना फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला. चित्रपटातील काही प्रसंग प्रौढांसाठीच आहेत. मुलांना दाखवण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी तो पाहून घ्यावा.

आज अनेक घरांतून ‘आपली पेढी पुढे कोण चालवणार?’ ही चिंता ऐकू येते. मुले शिकतात, परगावी जातात, आणि कागदोपत्री वारस असूनही गादी रिकामी राहते. इब्राहिमने वारस शोधला नाही, घडवला. आणि तोही गल्ल्यावर बसवून नव्हे, तर एका एकाकी मुलाची विचारपूस करून. हिशेबाची वही शिकवता येते; परंतु समोरच्या माणसाची गरज ओळखणारी नजर वडीलधाऱ्यांच्या सहवासातच लाभते. पेढी खऱ्या अर्थाने पुढे जाते ती त्या नजरेमुळे.